निरंक

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बंद शाळेचं कुलूप काढून आम्ही दोघं आत गेलो, मी आणि मॅडम. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट २३. महिनाअखेरीला मी निवृत्त होणार होतो, त्याआधी मॅडमना चार्ज द्यायचा होता. ज्यांना ही भाषा परकी आहे त्यांच्यासाठी सांगतो: चार्ज देणं म्हणजे शाळेतली एकूण एक वस्तू आणि एकूण एक वही मोजायची, यादीवर खूण करायची आणि सही घेऊन पुढच्याच्या हवाली करायची. खुर्च्या ४, घंटा १, ताणकाटा १, पृथ्वीगोल १ (आस मोडलेला). वस्तू अर्ध्या तासात उरकल्या. मग कपाट उघडलं, आणि मॅडमनी ओढणी नाकाला लावली.

कपाटात शाळेचं दप्तर होतं. मुलं पाठीवर घेतात तेही दप्तर आणि मुख्याध्यापकाच्या कपाटात असतं तेही दप्तरच. या दोन दप्तरांची एकदा गाठ पडली होती. जुलै २०१५ मध्ये शासनाने निर्णय काढला की मुलाच्या पाठीवरच्या दप्तराचं वजन त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. निर्णय चांगलाच होता. शहरातल्या मुलांच्या पाठी वाकत होत्या. पण निर्णयाबरोबर अहवालही आला. मग तेव्हा मी ज्या शाळेत होतो तिथे तांदळाच्या पोत्याला लावायचा ताणकाटा आम्ही व्हरांड्याच्या वाशाला टांगला आणि एकेका मुलाची पिशवी त्याला अडकवत गेलो. पिशव्या म्हणजे कापडाच्या किंवा खताच्या गोणीच्या. आत दोन वह्या, एक पाटी आणि मोसमात चिंचा. एका मुलाच्या पिशवीत दगड निघाले. विचारलं तर म्हणाला, वजन करणार म्हणालात ना गुरुजी, माझं सगळ्यात कमी भरलं असतं. त्या आकड्यांची एक वही झाली आणि ती कपाटात गेली. पाठीवरचं दप्तर आमच्याकडे आधीही हलकंच होतं. कपाटातलं तेवढं जड झालं.

यादीला ११३ ओळी होत्या. मी वाचायचो, मॅडम खूण करायच्या. जनरल रजिस्टर, भाग १ ते ३. हजेरी. कॅशबुक. डेडस्टॉक. आवक, जावक. हालचाल रजिस्टर. सूचनावही. शेरेबुक. पोषण आहाराच्या नोंदी. चव रजिस्टर. बारदानाचा हिशेब, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. मग समित्यांच्या इतिवृत्तांच्या वह्या. २३ पोरांच्या शाळेत एवढ्या समित्यांना पुरतील इतके पालकच नव्हते. तेच नऊ जण सगळ्या समित्यांवर होते आणि एकाच दुपारी एकामागून एक सगळ्या समित्यांच्या सभा घेत होते. चहा मात्र एकदाच. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने या समित्या एकमेकींत मिळवून शाळेच्या पातळीवर चारच ठेवल्या, हे मी कौतुकानं सांगतो. माझ्या ३५ वर्षांच्या नोकरीत काहीतरी कमी झाल्याचं कळवणारा कागद फार क्वचित आला.

जनरल रजिस्टरचा पहिला भाग मात्र मी दोन्ही हातांनी उचलला. १९५२ सालातली पहिली नोंद. टाकानं लिहिलेली, शाई तपकिरी पडलेली, अक्षर असं की मोजपट्टी लावावी. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. कारणात बहुतेक ठिकाणी 'गुरे राखणे'. हे रजिस्टर पन्नास वर्षं कोणी उघडलं नव्हतं. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि एका आठवड्यात या वहीचा भाव सोन्याच्या वर गेला. १९६७ च्या आधीच्या नोंदी पाहिजेत म्हणून तालुक्याची माणसं फोटो काढून घेऊन गेली. मुंबईला कांदिवलीत राहणारा एक गृहस्थ आजोबांचं नाव बघायला गाडी करून आला आणि ते पान बघताना त्याचे डोळे भरून आले. आजोबांच्या नावासमोर 'गुरे राखणे' होतं.

त्या अनाम गुरुजींना काय ठाऊक होतं पुढे काय होणार ते? त्यांना कुणी 'तात्काळ' म्हटलं नव्हतं. जे होतं ते लिहून ठेवायचं, आज ना उद्या कुणाला तरी लागेल, एवढाच हिशेब. म्हणून ते आज खरं ठरतं. नोंदी ठेवण्याचा मला कधीच कंटाळा नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते 'मास्तर लोकांना काम नको' या सदरात टाकलं जाण्याचा संभव आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला माहिती टपालानं मागवली जायची. महिन्यातून एकदा केंद्रशाळेत सभा असायची. तिथे टपाल मिळायचं आणि पुढच्या सभेला उत्तर द्यायचं. मध्ये एक महिना असायचा. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही विचार करायला तेवढा वेळ मिळायचा. बऱ्याचदा महिनाभरात विचारणाऱ्यालाच त्या माहितीची गरज उरायची नाही, हा वेगळा फायदा. मग फोन आले, आणि फोनवर गट आले. केंद्राचा गट, तालुक्याचा गट, पोषण आहाराचा गट, परीक्षेचा गट, एका अभियानाचा गट, आणि अभियान संपल्यावरही कुणी न सोडलेला तोच गट. आता माहिती सकाळी साडेदहाला मागतात आणि बाराला 'अप्राप्त शाळांची यादी' टाकतात. यादी लाल रंगात. आमच्या शाळेत रेंज नाही. पाण्याच्या टाकीमागे एक दगड आहे, त्यावर उभं राहून हात वर केला की एक-दोन काड्या येतात. वस्तीत त्याला रेंजचा दगड म्हणतात. दिवसातून कितीदा तरी मी वर्ग सोडून त्या दगडावर चढलोय. पोरांनी त्याचा खेळ केला होता. एक जण दगडावर चढून हात वर करायचा आणि बाकीचे खालून ओरडायचे, 'गेली का माहिती?'

एक भाषाही तयार झाली. 'विहित नमुन्यात.' 'आजच्या आज.' 'प्रथम प्राधान्य', आणि हे प्रथम प्राधान्य एका दिवशी चौघांना. 'विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' आणि सगळ्यात लाडका शब्द: निरंक. सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसून चालत नाही, काही नाही असं लेखी कळवावं लागतं. 'निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा.' निरंक म्हणजे अंक नसलेलं. मला हा शब्द आधी आवडायचा. त्याचा उच्चार एखाद्या अभंगातल्या शब्दासारखा होतो.

२०१५ साली सरल आलं, मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं पोर्टल. नाव सरल. प्रत्येक मुलाची माहिती एकदा भरली की पुन्हा कधी कागदावर मागणार नाही, असं सांगितलं होतं. आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत जागून, तालुक्याच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून ती भरली, कारण दिवसा सर्व्हर बसलेला असायचा. ती माहिती त्यानंतरही कागदावर मागितली गेली, एक्सेलमध्ये मागितली गेली, गुगल लिंकवर मागितली गेली. शाळेच्या माहितीच्या यूडायसचं वेगळं, पगाराच्या शालार्थचं वेगळं, आहाराचं वेगळं, मुलांच्या अपार आयडीचं वेगळं. मोबाईल नंबर विचारला तर मी अजून अडखळतो, पण शाळेचा ११ अंकी यूडायस कोड झोपेत म्हणेन, २७ पासून. मधे नोव्हेंबर २०१६ मध्ये एक फर्मान निघालं होतं की दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या घोळक्याबरोबर शिक्षकानं सेल्फी काढून सरलवर टाकावा. राज्यभर आरडाओरडा झाला आणि जानेवारीत ते स्थगित झालं. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. विनोद स्वतःच स्वतःला सांगून मोकळा झाला.

चव रजिस्टरवर मात्र थोडं थांबतो.

पोषण आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत लिहायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. मुलांच्या पोटात काय जातंय ते मोठ्या माणसानं आधी आपल्या जिभेवर घ्यावं, यापेक्षा सरळ नियम कुठला? आहाराचं प्रमाणही ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे २३ मुलांना तांदूळ २ किलो ३०० ग्रॅम, डाळ ४६० ग्रॅम, तेल ११५ ग्रॅम. वहीत रोज असं काटेकोर. आमच्या मावशी शिजवायच्या ते ओंजळीनं, आणि त्यांच्या ओंजळीचा माझ्या ताणकाट्यापेक्षा जास्त भरवसा होता. तर चव रजिस्टरात मी वर्षानुवर्षं 'चव उत्तम' लिहीत होतो. एक दिवस खिचडी खरंच अळणी होती. लिहिलं, 'मीठ कमी.' मावशींना सांगितलं, त्यांनी मीठ घातलं, मुलं जेवली. झालं.

दोन महिन्यांनी तपासणीच्या वेळी कुणीतरी ती वही उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मला लेखी खुलासा मागितला गेला: अमुक तारखेस आहाराचा दर्जा समाधानकारक नसल्याचे आपल्याच नोंदीवरून दिसून येते, त्याबाबत काय कार्यवाही केली? मी खुलासा दिला: मीठ घातले. तो अपुरा वाटला म्हणून पुन्हा सविस्तर मागितला. मी सविस्तर दिला, त्यात मावशींचा जबाब जोडला, त्यांचा अंगठा घेतला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आमच्या शाळेची खिचडी रोज उत्तमच झाली. एकदा करपली तेव्हाही.

कुणी वाचत नाही म्हणून मास्तर खोटं लिहितो, असा समज आहे. माझा अनुभव असा की ज्या दिवशी खरं लिहिलेलं वाचलं गेलं, त्या दिवशी मी खोटं लिहायला शिकलो.

पण ही झाली खिचडी. दुसरी गोष्ट मला इतकी हसत सांगता येत नाही.

मधली काही वर्षं मी खाली नदीकाठच्या पट्ट्यात, उसाच्या गावात होतो. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायच्या. ओढ्याच्या काठी पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची पोरं तळावर. सहा-सात वर्षांची पोर कडेवर धाकटं घेऊन दिवसभर कोपी राखायची, जरा मोठी झाली की वाढ्यांच्या मोळ्या बांधायची. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की तळ उठायचा, राखेचे काळे गोल तेवढे उरायचे.

४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांचं राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं. आम्ही घरोघर फिरलो, मुलांच्या बोटांना शाई लावली. माझ्या गावात एकही शाळाबाह्य मूल सापडलं नाही. निरंक, आणि ते खरं होतं, कारण जुलैत ऊसतोड नसते. ती पोरं त्या दिवशी आपापल्या गावी कुणाच्या तरी हजेरीपटावर होती. पाऊस पडत असताना स्थलांतर मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं ते मला माहीत नाही.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. ५२ मधून २७. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या घरातून दहा उसने आणायचे, इथपर्यंत आलो होतो आणि फोन वाजला. शाळाबाह्य मुलांची माहिती दोन वाजेपर्यंत जिल्ह्याला जायचीय, तुमची तेवढी राहिलीय. काय लिहू?

तळ मला माहीत होता. रोज येता-जाता दिसायचा. पण मी जर म्हणालो असतो नऊ, तर नऊ नावं द्यावी लागली असती, नऊ आधार, नऊ जन्मतारखा, आधीच्या शाळांचे यूडायस कोड, आणि आजवर ही मुलं दाखल का केली नाहीत याचा खुलासा. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. फळ्यावर दोनाच्या डोक्यावर अर्धवट बारा लिहिलेले होते, पोरं खडूकडे बघत होती. मी म्हणालो, निरंक.

चार सेकंदं लागली असतील. फोनवरचा आवाज खूश झाला. सगळा तालुका निरंक भरला असणार, कारण त्या नमुन्याची रचनाच अशी होती की खरं सांगणाऱ्याला शिक्षा आणि काही नाही म्हणणाऱ्याला सुट्टी.

संध्याकाळी घरी जाताना गाडी तळाजवळ पंक्चर झाली. ढकलत निघालो. एका कोपीच्या तोंडाशी आठेक वर्षांची मुलगी बसली होती, मांडीवर धाकटा. कोपीच्या भोकाला खताची रिकामी गोणी लावली होती आणि ती मुलगी त्या गोणीवरची अक्षरं बोट फिरवून त्या बाळाला वाचून दाखवत होती. 'यु-रि-या. नी-म. ले-पि-त.' जोडाक्षराला जराशी अडली असती, पण त्या गोणीवर जोडाक्षर नव्हतं. मी विचारलं, कितवीला आहेस? म्हणाली, 'तिसरीला व्हते.'

व्हते.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला भेटलो आणि नऊपैकी सहा पोरं शाळेत आणून बसवली. कडेवरच्या धाकट्यांसकट. नावं कुठेच चढवली नाहीत. आदल्या दिवशीच निरंक लिहून दिलं होतं ना. त्यांच्या जेवणाचं काय करायचं? तांदूळ पटाप्रमाणे ग्रॅममध्ये येतो. मग ज्या दिवशी आमची चार मुलं गैरहजर असत त्या दिवशी मी ती हजर दाखवली. मावशींना काही सांगावं लागलं नाही, त्यांची ओंजळ आपोआप मोठी झाली. अडीच महिने ही सहा पोरं शाळेत होती. ती मुलगी पाडव्यापर्यंत हातच्याची वजाबाकी शिकून गेली. शासनाच्या कुठल्याही कागदावर ती माझ्या शाळेत आली नाही आणि गेली नाही. एका एकरेघी वहीत मी त्या सहा जणांची नावं लिहून ठेवली होती, कोण काय वाचतं, कोण कुठे अडतं. एवढीच त्यांची नोंद.

आता इथे कुणी मला विचारेल की गुरुजी, गैरहजर मुलं हजर दाखवणं याला काय म्हणतात? मला माहीत आहे काय म्हणतात ते. ऑक्टोबर २०११ मध्ये ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाची शाई लावली. आमची पोरं आठवडाभर बोट वर करून मिरवत होती. त्या तीन दिवसांत राज्यात लाखो विद्यार्थी फक्त कागदावर सापडले. त्यांच्या नावावर तुकड्या होत्या, पदं होती, अनुदान होतं, तांदूळ होता. ती मुलं नव्हती आणि त्यांचा तांदूळ मात्र शिजत होता, कुणाच्या तरी घरी. म्हणून माहिती मागू नका, मास्तरांवर विश्वास ठेवा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्यातल्याच लोकांनी तो विश्वास खाल्ला. त्या लाखो नावांत आणि माझ्या चार हजेऱ्यांत फरक आहे असं मी स्वतःला सांगतो. पण हजेरीपटात दोन्ही सारखेच दिसतात.

त्या फसवणुकीवर उतारा म्हणून पुढे आधार आलं. आता जे मूल आधारशी जुळतं तेच संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या हिशेबात, धरतात, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. आमच्या चौथीत एक मुलगी होती. आधारवर तिच्या वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव पडलं होतं आणि जन्मवर्ष तीन वर्षांनी मागे गेलं होतं. ती माझ्यासमोर बसून सोळाचा पाढा म्हणायची आणि पोर्टल म्हणायचं, इनव्हॅलिड. दुरुस्तीसाठी तिच्या आईनं तालुक्याला चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला. २०११ मध्ये नसलेली मुलं कागदावर होती. आता असलेलं मूल कागदावर नव्हतं.

मग उपाय काय? मॅडमनी त्या दिवशी हाच प्रश्न विचारला, कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यापाशी. मी म्हटलं, शेरेबुक काढा.

शेरेबुकात तपासणीला आलेला अधिकारी आपला अभिप्राय लिहितो. जुन्या पानांवर विस्तार अधिकाऱ्यांचे शेरे आहेत. तेव्हा वस्तीवर एकच एसटी यायची, सकाळी. त्यामुळे आलेला साहेब रात्री शाळेतच मुक्कामाला. त्या मुक्कामाच्या कहाण्या सगळ्या पवित्र नाहीत. गावाला कोंबडं कापावं लागायचं, आणि मास्तराची बायको चुलीपुढे घाम गाळायची. पण संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तो साहेब पोरांना जवळ बसवून वाचायला लावायचा. १९७० च्या सुमाराचा एक शेरा पानभर आहे. चौथीतल्या कोणत्या मुलाला भागाकार जमत नाही, तो नेमका कुठे चुकतो, आणि पश्चिमेच्या भिंतीतून पाऊस आत येतो, हे सगळं त्यात आहे. त्याखाली दुसऱ्या वर्षीचा शेरा, त्याच अक्षरात: भिंत दुरुस्त झाली, पाहिली. तो मुलगा भागाकार करतो, पाहिला.

महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं, त्यात त्यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. प्राथमिक शाळांवरची देखरेख फार अपुरी आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा काही उपयोग होत नाही. निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासाव्यात, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता जावं. म्हणजे फुल्यांनी शाळेला मोकळं सोडा असं म्हटलं नव्हतं, उलट जास्त तपासा म्हटलं होतं. पण त्यांचा सगळा भर जाण्यावर होता. उठून, वाट तुडवून, दारात उभं राहण्यावर. आपण त्यांचं अर्धंच ऐकलं. तपासणी वाढवली आणि जाणं बंद केलं.

याच भिंतीचं बघा. पश्चिमेच्या भिंतीला नंतर पुन्हा ओल आली. मी यूडायसमध्ये 'मोठी दुरुस्ती आवश्यक' या रकान्यात ती खोली सहा वर्षं भरली. प्रत्येक वर्षी नव्यानं. ती राज्याच्या बेरजेत गेली असेल, देशाच्या बेरजेत गेली असेल, दिल्लीत एखाद्या रंगीत आलेखाच्या उंचीत आमच्या भिंतीचा केसभर वाटा असेल. भिंत बघायला कोणी आलं नाही. केंद्रप्रमुखांना दोष देत नाही. त्या बापड्याकडे दोन केंद्रांचा भार होता आणि सगळ्या शाळांची माहिती आली की नाही याची माहिती भरण्यात त्यांचा दिवस जायचा. ते आले की माझ्याच खुर्चीत बसून लॅपटॉप उघडायचे. वर्गात डोकावायचं त्यांच्याही मनात असायचं, ते मला दिसायचं.

कायदे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीनच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. तरी मी हागणदारीमुक्तीसाठी पहाटे शिट्टी घेऊन फिरलोय आणि २०२४ च्या जानेवारीत मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी घरोघर १५० च्या वर प्रश्न विचारलेत. २३ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानं कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वाटणी करून दिली, तेव्हा आम्हाला आनंद झाला. पण रेंजच्या दगडावरच्या माझ्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. माहिती मुलांची असते, शाळेची असते, तिला अशैक्षणिक कोण म्हणणार? कायदा तिला अडवत नाही, संघटनेचं निवेदन तिला अडवत नाही. ती दिसायला अगदी शिक्षणासारखी दिसते.

मला विचाराल तर माझं मागणं एवढंच आहे की माहिती मागणाऱ्यानं खाली लिहावं, हिचं मी काय करणार आहे. एक ओळ. 'ही माहिती मिळाल्यावर भिंत बघायला अमुक महिन्यात माणूस येईल.' 'ही माहिती मिळाल्यावर तळावर शिक्षक देण्यात येईल.' ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्यानं ती माहिती मागू नये. मला वाटतं अर्धी कपाटं रिकामी होतील. मॅडम हसल्या. म्हणाल्या, सर, तसा आदेश निघाला तर त्याचाही अहवाल मागतील, की किती पत्रांवर ओळ होती आणि किती पत्रांवर नव्हती.

कपाटाच्या तळाशी, बारदानाच्या हिशेबाखाली, ती एकरेघी वही निघाली. बदलीत माझ्याबरोबर आली असावी. मॅडमनी यादीत शोधली. नव्हती. त्यांनी उघडली, दोन पानं वाचली, आणि काही न विचारता माझ्या हातात दिली. मी ती पिशवीत टाकली.

सव्वाचारला ११३ वी ओळ झाली. दोघांनी तीन प्रतींवर सह्या केल्या. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असं मॅडमनी विचारलं. सवयीनं माझ्या तोंडून शब्द निघणार होता, तो गिळला. म्हटलं, मोकळा ठेवा.

कुलूप लावून टाकीपाशी आलो. मॅडम दगडावर चढल्या, घरी निघतेय असा निरोप द्यायला. हात वर केला आणि फोन चार-पाच वेळा किणकिणला. त्या वाचता वाचता थांबल्या, मग मोठ्यानं वाचू लागल्या. 'अति तातडीचे. ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणाऱ्या शिक्षकांची माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत सोबतच्या लिंकवर भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.' खाली अप्राप्त शाळांची यादी होती. आमची शाळा चौदावी, लाल.

पाचला वीस मिनिटं होती. मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या लिंक उघडली. शाळेचा कोड टाकला, पाठ होता. मग वाकून मला विचारलं, 'सर, तुमचं नाव आधारवर कसं आहे?'